'शॉर्ट टर्म मेमरी लॉस' : एका चुकीच्या नावाचा इतिहास

१/
२५ डिसेंबर २००८ रोजी हिंदी 'गजनी' प्रदर्शित झाला आणि 'शॉर्ट टर्म मेमरी लॉस' हा शब्दप्रयोग घराघरांत पोहोचला. दर पंधरा मिनिटांनी सारे विसरणारा, आठवणी अंगावर गोंदवून ठेवणारा नायक सर्वांच्या लक्षात राहिला. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, २ डिसेंबरला, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एका शुश्रूषागृहात ८२ वर्षांचा एक वृद्ध निवर्तला होता. पन्नास वर्षे मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो 'एच. एम.' या दोन अक्षरांनी वावरला. त्याचे खरे नाव हेन्री मोलेसन आहे, हे जगाला त्याच्या मृत्यूनंतर समजले.

२/
चित्रपटातील नायकाचा आजार मोलेसनच्या आजाराच्याच जातीचा आहे. त्याला दिलेले नाव मात्र चुकीचे आहे. मानसशास्त्रात 'अल्पकालीन' म्हणजे काही सेकंद. कुणी दूरध्वनी क्रमांक सांगावा आणि तो लिहून होईपर्यंत आपण मनात धरून ठेवावा, एवढाच अवधी. पंधरा मिनिटे सुसंगत बोलू शकणाऱ्या माणसाची अल्पकालीन स्मृती धडधाकट असते. त्याच्यात बिघडलेले असते ते दुसरेच काहीतरी. हे 'दुसरे' वेगळे आहे, हे ओळखायला मानसशास्त्राला जवळजवळ एक शतक लागले, आणि त्याची किंमत मोजली ती प्रयोगशाळेबाहेरच्या माणसांनी. हा धागा त्या शतकाचा.

३/
प्रारंभ जर्मनीत होतो. स्मृती हा तोवर तत्त्वज्ञांचा प्रांत होता. ती मोजता येईल, असे कोणाला वाटत नव्हते. हर्मान एबिंगहाउस या तरुण अभ्यासकाने ते काम अंगावर घेतले, आणि प्रयोगासाठी माणूस निवडला तो एकच : स्वतः. कविता किंवा उतारे पाठ केले तर अर्थाचा आधार मिळतो, म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. 'झोफ', 'वुब' अशा धर्तीचे. घड्याळाच्या टिकटिकीच्या तालावर तो ते वाचत असे, बिनचूक येईपर्यंत घोकत असे, आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले, याचा हिशेब ठेवीत असे. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसानंतर सुमारे ३४, महिन्यानंतर सुमारे २१. विसरण्याचा वेग आरंभी प्रचंड असतो आणि मग मंदावतो, हा त्याचा आलेख आजही छापला जातो.

४/
१८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आणखी एक आकडा आहे. आलेखाच्या कीर्तीपुढे तो झाकला गेला, पण या कथेत तोच अधिक महत्त्वाचा. सात अक्षरगट एबिंगहाउसला एका वाचनात म्हणून दाखवता येत. बारा अक्षरगटांना मात्र सुमारे सतरा वाचने लागत. सातास एक, तर बारास दोन-तीन वाचने पुरावीत, असे कोणालाही वाटेल. सातानंतर कुठेतरी एक उंबरठा होता. त्याच्या अलीकडे अक्षरे आपसूक 'धरली' जात होती; पलीकडे ती 'कमवावी' लागत होती. एबिंगहाउसने आकडे नोंदवले. स्मृती दोन प्रकारची असेल, असा निष्कर्ष त्याने काढला नाही.

५/
दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, लंडनमध्ये जोसेफ जेकब्ज याने शाळेतील मुलींना अंक आणि अक्षरे वाचून दाखवली आणि लगेच म्हणायला सांगितली. अक्षरांपेक्षा अंक अधिक धरले जातात, आणि वयाबरोबर ही क्षमता वाढते, असे त्याला दिसले. अंकांच्या या चाचणीची रूपे आजही जगभरच्या बुद्धिमापनात वापरली जातात. (लोककथांच्या वाचकांना हे नाव परिचित असेल. १८९२ मध्ये 'इंडियन फेअरी टेल्स' हा संग्रह काढणारा जेकब्ज तो हाच.)

६/
उंबरठ्याला नावे दिली ती अमेरिकेत विल्यम जेम्सने. १८९० च्या आपल्या द्विखंडी ग्रंथात त्याने 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' अशा दोन स्मृती मानल्या. जे अजून जाणिवेतून गेलेलेच नाही, वर्तमानाच्या शेपटासारखे रेंगाळत आहे, ते प्राथमिक स्मृतीचे. जे एकदा पूर्णपणे मनाआड झाले आणि नंतर भूतकाळातले म्हणून परत आणले गेले, ते दुय्यम स्मृतीचे. खरी स्मृती म्हणायची तर हीच. जेम्सचे गद्य सुंदर आहे, भेदही नेमका आहे. परंतु पुरावा म्हणून त्याच्याजवळ मुख्यतः स्वतःच्या मनाचे निरीक्षण होते. डोळे मिटून आत पाहिल्यावर दोन खोल्या दिसतात, यावरून भिंत खरोखर आहे असे सिद्ध होत नाही.

७/
त्याच सुमारास युरोपात दुसरा धागा विणला जात होता. फ्रान्समध्ये तेओद्यूल रिबो याने १८८१ मध्ये दाखवून दिले होते, की मेंदूला इजा झाल्यावर नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या तग धरतात. १९०० मध्ये ग्योटिंगेन येथे म्यूलर आणि पिल्त्सेकर यांनी त्याला प्रयोगाची जोड दिली. एक यादी पाठ केल्याबरोबर दुसरी पाठ करायला लावली, तर पहिली विसकटते. मध्ये काही मिनिटांची उसंत दिली, तर ती वाचते. शिकणे संपले तरी आत काहीतरी 'घट्ट' होत राहते, असा त्यांचा तर्क होता. याला त्यांनी दिलेले 'दृढीकरण' हे नाव आजही टिकून आहे. सिमेंट ओले असताना पाय पडला तर ठसा बिघडतो, तसा हा प्रकार.

८/
पुढची चाळीस-एक वर्षे अमेरिकेत वर्तनवादाची. मनाच्या आत काय चालते, हा प्रश्नच तेथे अशास्त्रीय ठरला आणि जेम्सच्या दोन खोल्या धूळ खात पडल्या. १९४९ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या डोनाल्ड हेब याने त्या पुन्हा उघडल्या. त्याचे म्हणणे असे : एखादा अनुभव प्रथम चेतापेशींच्या साखळीत विद्युत्-स्पंदनांच्या रूपाने फिरत राहतो, आणि फिरणे पुरेसे टिकले, तर पेशींमधील जोड कायमचे बदलतात. पहिली अवस्था क्षणभंगुर, दुसरी चिवट. हेबच्या हाताखाली तेव्हा ब्रेंडा मिल्नर ही इंग्लंडहून आलेली संशोधिका काम करीत होती.

९/
आता कनेक्टिकट. हेन्री मोलेसनचा जन्म १९२६ चा. बालपणी सायकलच्या धक्क्याने तो पडला होता. पुढे फेफरे सुरू झाले. अपघातामुळेच झाले, असे ठामपणे म्हणता येत नाही. पंधराव्या वर्षापासून मोठे झटके येऊ लागले. वर्गातल्या मुलांच्या चेष्टेला कंटाळून त्याने शाळा काही काळ सोडली, नंतर शिक्षण पुरे केले, कारखान्यात काम केले. सत्ताविसाव्या वर्षी भरपूर औषधे घेऊनही झटके थांबेनात. तेव्हा हार्टफर्ड येथील शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल याने शस्त्रक्रिया सुचवली.

१०/
तो काळ समजून घ्यायला हवा. १९४९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेंदूचा पुढचा भाग छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी एगास मोनिझला मिळाले होते. मनोरुग्णालये तुडुंब भरलेली होती आणि परिणामकारक औषधे अजून हाती आलेली नव्हती. स्कोव्हिल मनोरुग्णांच्या मेंदूवर अशा शस्त्रक्रिया करीतच होता. मोलेसनच्या आकडीचा उगम मेंदूच्या नेमक्या कोणत्या बाजूला आहे, हे तपासणीत निश्चित सापडले नाही. तरीही १९५३ मध्ये त्याने कानशिलांमागच्या खोल भागातून, दोन्ही बाजूंनी, हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग शोषून काढला. ही शस्त्रक्रिया उघडउघड प्रायोगिक होती, असे स्कोव्हिलनेच नंतर लिहून ठेवले आहे. काळाचे निमित्त पुढे करून हे वाक्य पुसता येणार नाही.

११/
फेफरे बरेच कमी झाले. बुद्ध्यंक घटला नाही. उलट थोडा वाढलेला आढळला. स्वभाव तसाच सौम्य. परंतु रुग्णालयातील सेवकवर्ग त्याला ओळखता येईना, स्वच्छतागृहाची वाट सापडेना. त्याच सुमारास मॉन्ट्रियलमध्ये शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि मिल्नर यांना एकाच बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या दोन रुग्णांत अनपेक्षित विस्मृती दिसली होती. त्यांचा अहवाल वाचून स्कोव्हिलने पेनफिल्डला दूरध्वनी केला : असाच एक रुग्ण माझ्याकडे आहे. मिल्नर आगगाडीने हार्टफर्डला गेली.

१२/
एप्रिल १९५५ मधील त्या भेटीत तिने मोलेसनला आजची तारीख विचारली. त्याने सांगितले, मार्च १९५३. वय विचारले, उत्तर आले, २७. त्याचे पंचांग शस्त्रक्रियेपाशी थांबले होते.

१३/
पुढे मिल्नरने त्याला एक संख्या लक्षात ठेवायला सांगितली, ५८४, आणि ती खोलीबाहेर गेली. पंधरा मिनिटांनी परतली तेव्हा मोलेसनने संख्या अचूक सांगितली. कशी? त्याने समजावून दिले : पाच, आठ आणि चार यांची बेरीज सतरा. आठ ध्यानात ठेवायचे. सतरातून आठ गेले, उरले नऊ. नवाचे दोन भाग, पाच आणि चार. झाले ५८४, सोपे आहे. सारा वेळ तो हीच साखळी मनात फिरवत बसला होता. मिनिटभराने विषय बदलला, आणि त्याला संख्याही आठवेना, आपल्याला संख्या दिली होती हेही आठवेना.

१४/
जेम्सच्या दोन खोल्यांमधली भिंत इथे प्रथमच डोळ्यांना दिसली. पहिली खोली शाबूत होती. लक्ष विचलित होईपर्यंत मोलेसन काहीही धरून ठेवू शकत होता. तिथून दुसऱ्या खोलीत जाणारा दरवाजा गेला होता. एबिंगहाउसचा तो झाकला गेलेला आकडा इथे पुन्हा भेटतो. सहा अंक ऐकून मोलेसन लगेच म्हणून दाखवत असे. सात अंकांची एकच मालिका त्याला सलग पंचवीस वेळा ऐकवली, तरी ती जमली नाही. एबिंगहाउस सतरा वाचनांत बारा अक्षरगट कमवत होता. मोलेसनला उंबरठ्यापलीकडचा एकही अंक कमवता आला नाही.

१५/
१९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात एकूण दहा रुग्ण आहेत. मोलेसन वगळता त्यांतील बहुतेक गंभीर मनोविकाराचे रुग्ण होते, आणि त्यांची आद्याक्षरे पाठ्यपुस्तकांत कधी आली नाहीत. दोन्ही बाजूंची ही शस्त्रक्रिया करू नये, असा इशारा निबंधातच दिला आहे. स्कोव्हिल पुढेही तो देत राहिला.

१६/
या दशकात प्रयोगशाळांतही पुरावा साचत होता. १९५६ मध्ये जॉर्ज मिलरने 'सात, दोन अधिक-उणे' हा विख्यात निबंध लिहिला. त्यातली खरी मौज सातात नाही. मर्यादा अंकांची नसून 'गठ्ठ्यांची' आहे, हे त्याने दाखवले. १८५७१९४७ हे आठ सुटे अंक जड जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ती दोन साले आहेत. म्हणजे दुसऱ्या खोलीतील ज्ञान पहिल्या खोलीची मापे बदलते. (आजचे अनेक संशोधक सातऐवजी चार हा आकडा अधिक खरा मानतात.)

१७/
१९५८ मध्ये इंग्लंडात जॉन ब्राउन, आणि १९५९ मध्ये अमेरिकेत लॉइड व मार्गारेट पीटरसन या दांपत्याने, घोकणे बंद पाडले तर काय होते, ते पाहिले. पीटरसन दांपत्याचा प्रयोग साधा होता. तीन व्यंजने ऐकायची आणि लगेच एखाद्या मोठ्या संख्येतून तीन-तीन वजा करत जायचे. अठरा सेकंदांत ती तीन अक्षरे जवळपास नाहीशी होत. निरोगी, तरुण विद्यार्थ्यांची ही गत!

१८/
किराण्याची लांब यादी कुणी वाचून दाखवली आणि लगेच विचारले, तर आरंभीचे आणि शेवटचे जिन्नस आठवतात, मधले निसटतात. १९६६ मध्ये ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी यादी संपल्यावर अर्धा मिनिट आकडे मोजायला लावले. शेवटच्या शब्दांचा फायदा पार नाहीसा झाला. आरंभीच्या शब्दांचा तसाच राहिला. यादीची दोन टोके दोन वेगळ्या स्मृतींवर टांगलेली होती, असा याचा अर्थ लावला गेला.

१९/
१९६८ मध्ये रिचर्ड अॅटकिन्सन आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी हे सारे एका आकृतीत बसवले. इंद्रियांकडून येणारी माहिती प्रथम क्षणभर एका संवेदन-कप्प्यात. लक्ष दिले तर तेथून अल्पकालीन कोशात. घोकले तर तेथून दीर्घकालीन कोशात. संगणकयुगाच्या उंबरठ्यावर ही मांडणी शोभून दिसली. त्यांनी घोकण्याला दिलेले स्थान आपल्याकडच्या घोकंपट्टीच्या पुरस्कर्त्यांना सुखावणारे आहे. आणि दोन कोश खरोखर वेगळे आहेत याचा सर्वांत पटणारा पुरावा म्हणून त्यांनी बोट दाखवले ते मिल्नरच्या रुग्णांकडे.

२०/
अकरावी-बारावीच्या पुस्तकांत तीन चौकोन आणि बाण काढून शिकवतात ती हीच आकृती. तिच्यातील एक बाण मात्र वर्षभरातच मोडला, हे सहसा सांगितले जात नाही.

२१/
१९६९ मध्ये लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी 'के. एफ.' या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली होती. ऐकलेले दोनाहून अधिक अंक त्याला धड सांगता येत नसत. आकृतीप्रमाणे पाहिले, तर अल्पकालीन कोशाचे दार इतके अरुंद झालेल्या माणसाला नवे काहीच शिकता येऊ नये. पण के. एफ. शिकत होता. शब्दांच्या याद्या इतरांसारख्याच त्याच्या लक्षात राहत, आठवडे टिकत. त्याचा दिनक्रम त्याला नीट आठवत असे.

२२/
'शॉर्ट टर्म मेमरी लॉस' हे नाव खऱ्या अर्थाने कोणाला शोभत असेल, तर ते के. एफ.ला. चित्रपटातील नायकाला नव्हे, मोलेसनलाही नव्हे. आणि ज्याला ते शोभते, त्याच्यावर थरारपट निघणे कठीण. कारण कालची गोष्ट आज त्याला उत्तम सांगता येते.

२३/
एकात पहिली खोली शाबूत आणि दुसरीचे दार बंद. दुसऱ्यात पहिली मोडकी आणि दुसरी भरत चाललेली. मेंदूविज्ञानात अशा उलटसुलट जोडीला मोठे मोल असते. तिने दोन गोष्टी एकदम सिद्ध केल्या. स्मृती एकच नाही, हे जेम्सचे म्हणणे खरे ठरले. आणि पहिल्या खोलीतून जाणारा एकच रस्ता दुसरीकडे नेतो, हे अॅटकिन्सन-शिफ्रिनचे म्हणणे जसेच्या तसे टिकेना. के. एफ.ला तेच अंक लिहून दाखवले, की तो अधिक लक्षात ठेवी. म्हणजे बिघाड संपूर्ण अल्पकालीन स्मृतीचा नसून तिच्यातील कानाच्या वाटेचा होता.

२४/
१९७४ मध्ये अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी अल्पकालीन 'कोशा'च्या जागी 'कार्यकारी स्मृती' मांडली. त्यांनी विद्यार्थ्यांना सहा अंक मनात धरायला लावून त्याच वेळी तर्काचे प्रश्न सोडवायला दिले. कप्पा एकच असता, तर तो भरून तर्क कोलमडायला हवा होता. विद्यार्थी थोडे मंदावले, पण चुका फारशा वाढल्या नाहीत. त्यावरून त्यांनी तीन घटक मानले : शब्द फिरवत ठेवणारे एक ध्वनिचक्र, दृश्यांची एक पाटी, आणि लक्ष कुठे द्यायचे ते ठरवणारा एक नियंत्रक. पाढे म्हणता म्हणता खिडकीबाहेरचा पतंग न्याहाळता येतो, पण पाढे म्हणता म्हणता दुसऱ्याचा हिशेब ऐकता येत नाही, याचा उलगडा या मांडणीने होतो. आज वापरात आहे ती मुख्यतः हीच कल्पना, पुष्कळ डागडुजी होऊन.

२५/
दीर्घकालीन बाजूही फुटली, आणि तीही मोलेसनच्या हातूनच. १९६२ मध्ये मिल्नरने त्याला आरशात पाहून चांदणीची बाह्यरेषा गिरवायला दिली. हात उलटाच जातो, कोणाचाही जातो. तीन दिवसांच्या सरावात त्याच्या चुका सर्वसामान्य माणसासारख्याच घटत गेल्या. प्रत्येक वेळी त्याला वाटे, की हे काम आपण प्रथमच करत आहोत. हाताला आठवत होते, हेन्रीला नव्हते. कौशल्यांची स्मृती हिप्पोकॅम्पसवाचूनही घडते, हे त्या चांदणीने शिकवले. (शिल्पकलेत 'हात बसणे' म्हणतात, ते किती नेमके आहे!)

२६/
मोलेसनवर त्यानंतर दशकानुदशके प्रयोग होत राहिले. पुढे मुख्यतः मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सुझन कॉर्किन यांच्या देखरेखीखाली. तिथे तो वारंवार जाई, सगळ्यांशी अदबीने वागे. आपल्यामुळे इतरांना मदत होत असेल तर बरेच आहे, अशा अर्थाचे तो बोलत असे. पण ज्या माणसाला सकाळी दिलेली संमती दुपारी आठवत नाही, त्याच्या संमतीला अर्थ काय? २०१६ मध्ये ल्यूक डिट्रिच या पत्रकाराने हा प्रश्न पुस्तकरूपाने जाहीरपणे विचारला, आणि त्यावरून विद्यापीठीय वर्तुळात कडाक्याचा वाद झाला. डिट्रिच हा स्कोव्हिलचा नातू.

२७/
मृत्यूनंतर मोलेसनचा मेंदू सॅन डिएगोला नेण्यात आला. डिसेंबर २००९ मध्ये तो गोठवून सलग ५३ तासांत त्याचे २४०१ पापुद्रे काढण्यात आले. हे काम इंटरनेटवरून थेट दाखवले जात होते, लाखो लोकांनी ते पाहिले. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. हिप्पोकॅम्पसचा मागचा बराचसा भाग जागेवरच होता; स्कोव्हिलला वाटले होते तितका तो काढला गेलेला नव्हता. आणि डाव्या बाजूला, डोळ्याच्या वरच्या भागात, आधी कोणाच्या ध्यानात न आलेला एक लहानसा व्रण सापडला. ज्या मेंदूवर पाठ्यपुस्तकातले ते सुबक चौकोन उभे होते, तो मेंदू तितका सुबक कापलेला नव्हता.